हृद्‌रोहिणी-संकोच : तीव्रतेचे मापन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. त्यांच्या भित्तीत वसायुक्त द्रव्य साचल्याने पोकळी अरुंद होते. हा संकोच किती तीव्र आहे, हे उपचारापूर्वी ठरविणे अगत्याचे असते. कारण निरुपद्रवी संकोचावर उपचार केल्यास रुग्णास विनाकारण धोका पत्करावा लागतो, तर घातक संकोचाकडे दुर्लक्ष झाल्यास हृद्‌स्नायूची हानी होऊ शकते.

जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे १९२९ मध्ये व्हेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्या हाताच्या नीलेतून एक लवचिक नळी हृदयापर्यंत नेली व क्ष-किरण चित्राने तिचे स्थान पडताळले. या मार्गाने पुढे झालेल्या संशोधनाबद्दल त्यांना इतर दोघांसमवेत १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृद्‌रोहिणीत क्ष-किरणरोधी द्रव्य थेट सोडणे मात्र प्राणघातक समजले जाई. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स एका रुग्णाची तपासणी करीत असता ते द्रव्य चुकून उजव्या हृद्‌रोहिणीत गेले. हृदय क्षणभर थांबले, पण रुग्ण बचावला. यातूनच हृद्‌रोहिणी-चित्रणाची पद्धत विकसित झाली.

चित्रावरून संकोचाची टक्केवारी सांगता येऊ लागली, तरी चित्र ही केवळ छाया असते. व्यास निम्म्याने घटला, तर वर्तुळाकार छेदाचे क्षेत्रफळ तीन चतुर्थांशाने घटते. शिवाय एकाच चित्राविषयी तज्ञांचे अंदाज भिन्न पडतात. लान्स गूल्ड यांनी १९७४ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की विश्रांतीच्या अवस्थेतील प्रवाह व्यास सुमारे ८५ टक्के घटेपर्यंत टिकून राहतो. कारण पुढील सूक्ष्म वाहिन्या प्रसरण पावून तूट भरून काढतात. कमाल प्रवाह मात्र त्याच्या बऱ्याच आधी उतरू लागतो. म्हणून श्रमाच्या वेळी हृदयाची वाढीव गरज भागते की नाही, हा खरा प्रश्न ठरला.

आंड्रेआस ग्र्यून्टसिग यांनी १९७७ मध्ये झुरिक येथे फुग्याच्या साहाय्याने हृद्‌रोहिणी रुंद करण्याची पहिली क्रिया केली. संकोचाच्या अलीकडील व पलीकडील दाबांतील फरकही ते मोजत. परंतु त्यांची नळीच प्रवाहास अडथळा करी. १९९० नंतरच्या दशकात निको पाइल्स व बर्नार्ड डी ब्रॉइने यांनी दाबमापक असलेली अतिसूक्ष्म तार वापरून ही अडचण दूर केली. ॲडिनोसीन या औषधाने सूक्ष्म वाहिन्यांचे पूर्ण प्रसरण केल्यावर त्यांचा रोध किमान होतो व दाब प्रवाहाचा निदर्शक बनतो. अशा वेळी संकोचापलीकडील दाबास महारोहिणीतील दाबाने भागले असता येणारे गुणोत्तर निरोगी रोहिणीत १ च्या जवळ असते. आरंभी ०·७५ ही सीमा सुचविण्यात आली. पुढे ०·८० ही रूढ झाली.

एकाहून अधिक रोहिण्यांत संकोच असलेल्या १,००५ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ चित्रावरून उपचार केलेल्या गटात मृत्यू, हृद्‌स्नायूची हानी वा पुन्हा करावा लागलेला हस्तक्षेप यांचे वर्षभरातील प्रमाण १८·३ टक्के होते. दाब मोजून उपचार केलेल्या गटात ते १३·२ टक्के होते आणि विस्तारक जाळ्याही कमी बसवाव्या लागल्या. औषधाविना, विश्रांतीच्या अवस्थेतच घेतलेले गुणोत्तर तितकेच उपयोगी ठरत असल्याचे २०१७ मधील दोन चाचण्यांत आढळले. तथापि कोणतेही गुणोत्तर रुग्णाची लक्षणे व प्रकृती यांच्या विचाराची जागा घेऊ शकत नाही.