मॅट्रिकचा उंबरठा

हायस्कुलांतील विद्यार्थी कॉलेजच्या तयारीस लागला म्हणजे घरांतील बोलण्याचा विषयच बदलतो. गुण किती, शाखा कोणती, कॉलेज कोणतें, यापलीकडे कोणी बोलत नाहीं. ही चिंता आजकालची नव्हे. आपल्याकडे ती मुंबई विद्यापीठाएवढीच जुनी आहे. तिचा इतिहास पाहिला असतां एक गोष्ट ध्यानांत येते : कॉलेजच्या उंबरठ्यापर्यंत कोणी केवळ एकट्याच्या बळावर क्वचितच येतो.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली आणि पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ सालीं घेण्यांत आली. या नांवाच्या मुळाशीं नोंदवही या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. विद्यापीठाच्या वहींत नांव चढविण्यास विद्यार्थी योग्य आहे कीं नाहीं, एवढेंच पाहणें हा त्या परीक्षेचा मूळ हेतु. परंतु नोकरीसाठींही तिचाच दाखला मागूं लागले, तेव्हां उंबरठाच घर होऊन बसला. शाळा शिकवील तें मॅट्रिकसाठीं, विद्यार्थी वाचील तेंही मॅट्रिकसाठीं, असा परिपाठ पडला.

हा दोष जाणत्यांच्या नजरेंतून सुटला नव्हता. १८८२ च्या हंटर कमिशननें, ज्यांना विद्यापीठांत जावयाचें नाहीं त्यांच्यासाठीं, व्यवहारोपयोगी असा निराळा अभ्यासक्रम सुचविला. त्याच कमिशनपुढें जोतीराव फुले यांनीं याहून मूलगामी तक्रार मांडली. सरकारचा वसूल रयतेच्या श्रमांतून येतो, खर्च मात्र वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, आणि रयतेचीं मुलें प्राथमिक शाळेलाही मुकतात, असें त्यांचें म्हणणें होतें. जिन्याची पहिली पायरीच जेथें नाहीं, तेथें उंबरठ्याची गोष्ट कशाला? पुढें १९२९ सालीं हारटॉग समितीनेंही मॅट्रिकच्या वर्चस्वावर बोट ठेवलें.

नियम सावकाश बदलतात. मधल्या काळांत, जे उंबरठा ओलांडून गेले त्यांतील कांहीं मागें वळले, हा आपल्या शिक्षणाच्या इतिहासांतील मोठा भाग होय.

१८५९ च्या पहिल्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. १८६२ सालीं हे दोघे, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक असे चौघे विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले. १८८३ च्या सुमारास विद्यापीठाचें दार स्त्रियांनाही मोकळें झालें. परंतु दारापर्यंत नेणारी वाट हवी ना? रानडे, भांडारकर व मोडक यांच्याच पुढाकारानें १८८४ सालीं पुण्यास मुलींचें हायस्कूल निघालें. तेंच पुढें 'हुजूरपागा' या नांवानें प्रसिद्धीस आलें. मुलींना मुलांसारखेंच शिक्षण द्यावें काय, यावर वर्तमानपत्रांतून कडाक्याचा वाद झाला. पण शाळा चालू राहिली.

कोंकणांतील मुरुडचे धोंडो केशव कर्वे सहाव्या इयत्तेच्या परीक्षेकरितां घाट चढून पायीं साताऱ्यास गेले, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस न बसतांच परतले. ते मॅट्रिक झाले १८८१ सालीं, तेविशी गांठल्यावर. दारावरून परत फिरण्याचें दुःख ज्यानें सोसलें, त्याच कर्व्यांनीं १९१६ सालीं महिलांसाठीं विद्यापीठ काढलें.

तिसरें उदाहरण परळच्या चाळींतलें. एका खोलींत सारें कुटुंब. वडील रात्रीं दोन वाजतां उठून मुलाला अभ्यासासाठीं जागें करीत. तो मुलगा, भीमराव आंबेडकर, १९०७ सालीं एल्फिन्स्टन हायस्कुलांतून मॅट्रिक झाला. चर्नी रोडच्या बागेंत वाचीत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाचें लक्ष गेलें होतें. त्यांनीं त्याला वाचावयास पुस्तकें दिलीं. परीक्षा उतरल्यावर स्वतः लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें. आणि कॉलेजचा खर्च झेपेना तेव्हां सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला. दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे.

मॅट्रिक आतां राहिली नाहीं. १९४९ सालीं एस्. एस्. सी. ची पहिली परीक्षा झाली. १९७५ पासून ती दहावीच्या अखेरीस होऊं लागली. अर्जही आतां संगणकावर भरले जातात. तरी ज्या घरांत आजवर कोणी कॉलेजांत गेलेलें नाहीं, तेथील मुलीला अर्जांतील एकेक रकाना अजून कोड्यासारखाच वाटतो. गुण ती आपल्या कष्टानें मिळवील. परंतु कोणता दाखला कोठें मिळतो, शिष्यवृत्तीची मुदत केव्हां संपते, कोणत्या अभ्यासक्रमाची वाट पुढें कोठें जाते, हें तिला कोणी सांगावें? हें सांगावयास विद्वत्ता लागत नाहीं. त्या वाटेनें एकदां जाऊन आलेला माणूस पुरेसा असतो, आणि असा माणूस बहुधा शेजारच्याच घरांत असतो.