धडा वाचला, पण कळला का? मोबाइलवर आकृत्या काढून वाचन शिकवण्याची सोपी पद्धत

वसई : पोरगं धडा घडाघडा वाचतं. मग विचारलं, "काय वाचलंस?" तर गप्प! अक्षरं ओळखणं वेगळं आणि वाचलेलं समजणं वेगळं. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असं लक्ष्य आहे, पण ते अर्थ समजून. नुसता वेग उपयोगाचा नाही. समज पक्की करण्यासाठी शिक्षक जी साधनं वापरतात, त्यातलं एक म्हणजे ग्राफिक ऑर्गनायझर, म्हणजेच वाचलेलं आकृतीत मांडणं.

हे नेमकं काय आहे?

दहावीच्या मराठी कृतिपत्रिकेत 'आकृती पूर्ण करा', 'ओघतक्ता तयार करा' असे प्रश्न असतात. तीच ही गोष्ट, फक्त सुरुवात पहिली-दुसरीपासून करायची. मूल वाचतं, त्यातलं महत्त्वाचं निवडतं आणि चौकटीत, वर्तुळात मांडतं. निवडायचं म्हटलं की समजून घ्यावंच लागतं.

चार आकृत्या पुरेशा

• शब्दजाळं : मधे एक शब्द, भोवती त्याच्याशी जोडलेले शब्द. मधे 'भात' लिहा, भोवती शेत, पाऊस, तांदूळ, पेंढा.
• ओघतक्ता : आधी काय, मग काय. राब भाजणं → पेरणी → चिखलणी → आवणी → कापणी → झोडणी.
• दोन वर्तुळं : तुलनेसाठी. एकात ताजा बोंबील (मऊ, पाणीदार), दुसऱ्यात सुका बोंबील (कडक, पावसाळ्यातही टिकणारा). जिथे वर्तुळं एकमेकांवर येतात तिथे दोघांत सारखं असलेलं : दोन्ही समुद्रातले.
• गोष्टीचा नकाशा : कोण? कुठे? अडचण काय आली? काय केलं? शेवट काय झाला?

घरचा शब्द आकृतीत येऊ द्या

वसई तालुक्यात एकच बोली नाही. कुणाच्या घरी वाडवळी, कुणाकडे सामवेदी म्हणजे कादोडी, किनाऱ्यावर कोळी बोली, पूर्व पट्ट्यातल्या पाड्यांवर वारली. पुस्तकात 'लावणी' असते, घरी 'आवणी' म्हणतात. मुलाला गोष्ट ठाऊक असते, शब्द नवा असतो. तरीही त्याच्यावर 'कच्चा' असा शिक्का बसतो. म्हणून एकाच चौकटीत दोन्ही शब्द लिहावेत. शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा किंवा मातृभाषा शिकवण्याचं माध्यम असावी, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगतं. आपल्या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला परिसरातल्याच वस्तू हाताशी धरून मुलांना शिकवलं.

मोबाइलवर कसं करायचं?

१. आधी पुस्तकातला उतारा मुलानं स्वतः वाचावा. मोबाइल नंतर.
२. गुगल स्लाइड्ससारख्या मोफत अ‍ॅपमध्ये कोरं पान घ्या. चौकोन आणि बाण टाका.
३. चार मुलांत एक फोन असेल तर प्रत्येकानं एक चौकट भरायची. काय लिहायचं ते आधी बोलून ठरवायचं.
४. टाइप करणं जड जात असेल तर मराठीत बोलून लिहिण्याची सोय वापरा. आलेला शब्द बरोबर आहे का, ते मुलानंच वाचून बघायचं. बोलीतला शब्द फोन बदलून टाकतो, तो हातानं दुरुस्त करा.
५. चित्र किंवा फोटो जोडा. घरचा असेल तर उत्तम.

मोबाइलचा खरा फायदा असा, की क्रम चुकला तर खाडाखोड न करता चौकट सरकवता येते. महिन्यापूर्वीची आकृती उघडून प्रगतीही बघता येते. रेंज नाही? फरशीवर खडूनं काढा, फोटो काढून ठेवा. शिकणं तेवढंच होतं.

इथे घोळ होतो

तयार आकृती डाउनलोड करून मुलांकडून नुसती उतरवून घेतली तर उपयोग शून्य. रंग आणि सजावटीतच तास गेला तरी तेच. कमी चौकटींपासून सुरुवात करा. तीन पुरेत.

घरी पालकांनी काय करावं?

मुलाची आकृती समोर ठेवा, पुस्तक मिटा आणि म्हणा, "हे बघून मला गोष्ट सांग." स्वतःच्या शब्दांत, मग ते घरच्या बोलीत का असेना, सांगता आलं तर धडा कळला. अडखळलं तर रागवू नका. जिथे थांबलं तेवढाच भाग पुन्हा वाचायला लावा. त्यासाठी पालकांना स्वतःला वाचता आलंच पाहिजे असंही नाही, ऐकता आलं तरी पुरे.