घाईचा भाव

गोंदियात जुन्या घराचा सौदा जमवताना आमचा दलाल भिंती पाहत नाही, विकणाऱ्याची घाई पाहतो. "साहेब, पोरीचं लग्न जुळलं त्याच्या. थांबा जरासे, भाव उतरते!"

ही विद्या जुनीच. १६६१ च्या विवाहकरारात दुसऱ्या चार्ल्सला मुंबई हुंड्यात मिळाली. तिचा खर्च झेपेना, म्हणून १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंडांवर! कंपनीला अडचण बरोबर कळली होती.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने शंभर रुपयांपासूनच्या घरविक्रीला नोंदणीकृत दस्त सक्तीचा केला. दस्तात चतुःसीमा येते, किंमत येते. पोरीचं लग्न कुठंच येत नाही.

या धानाच्या गावात पोत्यागणिक काटा लागतो. घराच्या सौद्यात काट्यावर माणूसच बसतो, आणि आपण म्हणतो, स्वस्तात मिळालं.