मृगाच्या तोंडचा रोजगार

वर्ध्याचा उन्हाळा आपणांस सांगावयास नको. कपाशी वेचून झाली की मृगापर्यंत शेतमजुराच्या हाताला काम नसते. आणि नेमक्या त्याच दिवसांत घर शाकारावयाचे, सरपण कोरड्यात रचावयाचे, पावसाळ्याचा दाणा भरावयाचा. खर्चाचा महिना आणि बेकारीचा महिना एकच! १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्यप्रांत होरपळला, तेव्हा ज्याची कणगी रिकामी तो आधी गेला.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालालजी बजाजांनी दिलेली मगनवाडी हे त्याचे ठाणे. चिटणीस जे. सी. कुमारप्पा; बिहारच्या भूकंपात मदतीचे हिशेब सांभाळून आलेला माणूस. बैलघाणी, हातकागद, मधमाशा असे थोड्या भांडवलाचे धंदे तेथे शिकवीत.

कामगार चळवळीतला मी; माझे लक्ष दुसरीकडेच जाते. १९३५ साली गांधीजींनी चरखा संघापुढे मागणी ठेवली: आठ तासांच्या कताईला आठ आणे. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, अशी ओरड कार्यकर्त्यांतूनच झाली. संघाने निर्वाहवेतनाचे तत्त्व मानले. आठ आणे मात्र लगेच पदरात पडले नाहीत. आता बघा, घाणी दिली, चरखा दिला, पण मजुरीतून वैशाखात दोन पायल्या ज्वारी बाजूला पडत नसेल, तर त्या धंद्यावर बाईने पावसाळा काढावा कसा? माझी आई उन्हाळाभर लोकांचे पापड लाटी. शाकारणीचे पैसे तरी सावकाराकडूनच येत.