मिश्र द्रावणांचा परासरण-दाब

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले, की थोड्या वेळात परातीत पाणी सुटते. हा प्रयोग आपल्या घरी दर उन्हाळ्यात होतो. पण त्यामागचा दाब नीट आकड्यांत मांडला जाण्यास १८७७ साल उजाडावे लागले. फेफर नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने सच्छिद्र मातीच्या भांड्याच्या भिंतीत कॉपर फेरोसायनाइडचा पडदा बसविला. त्यातून पाणी आत जाई, साखर मात्र बाहेर येत नसे. शेकडा १ साखरेचे द्रावण आत भरून भांडे पाण्यात बुडविले, तेव्हा दाब भरला पाऱ्याचा सुमारे ५३ सेंटिमीटर! चिमूटभर साखरेचा हा जोर.

फेफरला झाडांच्या पेशींचे कोडे सोडवायचे होते. रसायनाचे नियम बांधणे हा काही त्याचा उद्योग नव्हे. त्याचे आकडे ॲमस्टरडॅमच्या व्हान्ट हॉफला कळले, तेही दुसऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या, ह्यूगो द व्ह्रीसच्या तोंडून. व्हान्ट हॉफने ताडले, की विरळ द्रावणाचा दाब वायूच्याच नियमाने चालतो. तपमान तेच असेल, तर लिटरमागे जितके कण, तितका दाब. कण कोणाचा, याची पडद्याला पर्वा नाही. मग मिश्रणाचे गणित किती सोपे! वायूंसाठी डाल्टनने सांगितले तेच येथे करावयाचे : सर्वांचे कण मोजा आणि बेरीज करा.

पण मिठाने घोळ घातला. त्याचा दाब हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट येई. व्हान्ट हॉफने एक गुणक लावून वेळ निभावली. कारण सांगितले ते स्वीडनच्या आर्‍हेनियसने, १८८७ मध्ये : पाण्यात मिठाचे दोन आयन सुटे होतात. ह्याच गृहस्थाच्या १८८४ च्या प्रबंधाला उप्सालाच्या परीक्षकांनी हलकी श्रेणी दिली होती. पुढे १९०३ चे नोबेल पारितोषिक त्यालाच मिळाले!

आता वाचकहो, आपण पेन्सिल घ्या. एक लिटर द्रावणात १८ ग्रॅम ग्लुकोज आणि ५.८५ ग्रॅम मीठ आहे. ग्लुकोजचा ०.१ ग्रॅम-रेणू, मिठाचाही ०.१, पण आयन ०.२. एकूण ०.३. सत्तावीस अंशांवर त्यास २४.६ ने गुणा : सुमारे ७.४ वातावरणे. आपल्या रक्ताचा दाबही याच घरातला आहे. म्हणूनच शिरेतून द्यावयाच्या द्रावणात हा हिशेब चुकून चालत नाही. नुसते पाणी गेले, तर तांबड्या पेशी फुगून फुटतात.

आमचे विद्यार्थी हमखास फसतात ते दुसरीकडेच. दोन तयार द्रावणे सारख्या मापाने एकत्र ओतली, की ते दोन्ही दाबांची बेरीज करून मोकळे होतात. अहो, आकारमानही दुप्पट झाले ना! प्रत्येकाचा दाब निम्मा होतो. मिश्रणाचा येतो तो सरासरीचा. आणि मिठात सिल्व्हर नायट्रेट घातले, तर? पांढरा साका तळाशी बसतो. तो हिशेबातून वगळलाच पाहिजे. ओतले किती हे विचारू नका, विरघळलेले उरले किती ते विचारा.

शिवाय मिठाचा गुणक पुरता २ भरत नाही. रक्ताइतक्या खारट द्रावणात तो सुमारे १.८६ येतो. विरुद्ध भाराचे आयन एकमेकांना ओढून धरतात. ही ओढ गणितात बसविली ती डिबाय आणि ह्यूकेल यांनी, १९२३ मध्ये.