टपालहशील कोणी भरावे?

खोपोलीहून बोरघाट चढणारी जुनी वाट ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पूर्वी एका गावचे पत्र दुसऱ्या गावी पोचविणे म्हणजे केवढा खटाटोप असे, हे वेगळे सांगावयास नको. गव्हर्नर माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली या घाटातून गाडीरस्ता झाला. १८५६ त आगगाडी खोपोलीपर्यंत आली, १८५८ त खंडाळा ते पुणे रूळ पडले. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत पालखी, तट्टू आणि बैलगाडी यांच्या भरवशावरच ओलांडावा लागे. ई-मेलच्या पेटीत रोज येऊन पडणाऱ्या नकोशा पत्रांशी या घाटाचा संबंध काय, असे श्रोत्यांना वाटेल. संबंध आहे तो पैशाचा. वाहतुकीला श्रम पडतात, तेव्हा ते श्रम कोणाच्या पदरचे, हा प्रश्न उठतोच. आणि आजच्या या उपद्रवाचे मूळ त्याच प्रश्नात आहे.

१८५४ पूर्वी पत्राचे हशील अंतर आणि वजन पाहून आकारीत. पाठविणाऱ्याने ते आधी भरलेच पाहिजे असा दंडक नव्हता. न भरल्यास घेणाऱ्याकडून वसूल करीत. घेणाऱ्याने पत्र नाकारले की वाहून आणणाऱ्याचे श्रम फुकट! लबाडीलाही वाव होता. पाकिटावरच ठरलेली खूण करावी, घेणाऱ्याने ती पाहून पत्र परत करावे. निरोप पोचला आणि पैसाही वाचला. इंग्लंडात अशा युक्त्यांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जात. पुढे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर झाला, मग ते पत्र ठाण्यास जावो की कलकत्त्यास. तिकीट नसेल तर दुप्पट आकार. आपले वडीलधारे ज्याला 'नॉटपेड' म्हणत, ते हेच. ओझे पाठविणाऱ्यावर गेले, आणि अर्धा आणा का होईना, खिशातून जातो म्हटल्यावर माणूस लिहिण्यापूर्वी क्षणभर थांबू लागला.

अर्थात ज्याच्या गाठीला पैसा आहे, तो थांबत नाही. आपल्या घाटातून रेल्वे सुरू झाली त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८६४ च्या मे महिन्यात, लंडनमध्ये काही राजकारणी पुरुषांच्या दारावर रात्री तारवाल्याने थाप मारली. काय अनर्थ झाला म्हणून तार उघडावी, तो आत एका दंतवैद्याची जाहिरात!

ई-मेलने तर अर्ध्या आण्याचाही अडसर काढून टाकला. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेत गॅरी थ्युर्क या विक्री अधिकाऱ्याने आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात सुमारे चारशे जणांना एकाच वेळी धाडली. अशा पत्रांना पुढे 'स्पॅम' हे डबाबंद मांसाचे नाव चिकटले, ते १९७० च्या एका विनोदी इंग्रजी नाटुकल्यावरून. त्यात हाच शब्द इतक्यांदा येतो की दुसरे काही ऐकूच येत नाही. एक पत्र धाडा की दहा लाख धाडा, खर्चात फरक नाही. वाचून, निवडून टाकून देण्याचे श्रम घेणाऱ्याचे. म्हणजे १८५४ पूर्वीचीच स्थिती पुन्हा आली. आणि त्यांतले एखादे पत्र बँकेचा वेष घेऊन आले तर जन्माची पुंजीही जाते.

खालापूरच्या टोलनाक्यावर पैसे भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. तसा नाका इथेही घालावा, असे विद्वानांना सुचले. सिंथिया ड्वर्क आणि मोनी नाओर यांनी १९९२ त सुचविले की प्रत्येक पत्रामागे पाठविणाऱ्याच्या संगणकाला एक गणित सोडवावयास लावावे. २००४ च्या जानेवारीत बिल गेट्स यांनी दोन वर्षांत स्पॅम नाहीसे होईल असे भाकीतही केले. ते खरे ठरले नाही. सभासदांना सूचना पाठविणाऱ्या वाचनालयालाही तोच भुर्दंड पडला असता, आणि चोर तर दुसऱ्यांचेच संगणक वेठीस धरतात!

चालली ती चाळण. २००२ त पॉल ग्रॅहॅम यांनी दाखविले की नकोशा आणि हव्याशा पत्रांत कोणता शब्द किती वेळा येतो हे मोजले, तर नवे पत्र कोणत्या जातीचे याचा अंदाज बांधता येतो. म्हणून असे पत्र नुसते पुसू नये, 'स्पॅम' म्हणून खूण करावी; चाळण त्यावरच शिकते. ओळखीच्या दुकानाची पत्रे नको असतील तर तिथले 'यादीतून वगळा' वापरावे. अनोळखी पत्रात मात्र ते दाबू नये, कारण हा पत्ता जागता आहे एवढेच त्या भामट्याला कळते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलवर रोज पाच हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यांना आपली ओळख पटवून देणे भाग पडले आहे. हा टपालाचा शिक्काच म्हणा ना!

कायद्याचा अनुभव मात्र फारसा बरा नाही. त्रासदायक ई-मेलला शिक्षा सांगणारे कलम ६६अ २०१२ त पालघरच्या दोन तरुणींवर फेसबुकवरील मजकुरासाठी चालविले गेले, आणि २०१५ त सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. ते झाले ते योग्यच झाले.

चाळणीचाही एक दोष आहे. टपालखात्यात पत्ता न लागलेल्या पत्रांसाठी 'डेड लेटर ऑफिस' असे. तिथला कारकून पाकीट उघडून धन्याचा माग काढी. स्पॅमच्या पेटीला असा कारकून नाही. तिथे चुकून पडलेले मुलाखतीचे बोलावणे जीमेल तीस दिवसांनी आपोआप नष्ट करते. तेव्हा पंधरवड्याला एकदा ती पेटी आपणच उघडावी, पाठविणाऱ्यांची नावे वरवर चाळावीत, आणि ओळखीचे कोणी अडकले असेल तर त्याला बाहेर काढावे.