षट्कोनी गोधडी

षट्कोनी गोधडी म्हणजे कापडाचे समान आकाराचे सहाकोनी तुकडे कडेला कड लावून जोडून, त्याखाली जुन्या कापडाचा थर व अस्तर घालून हाताने शिवलेले अंथरूण-पांघरूण होय. महाराष्ट्रातील पारंपरिक गोधडी आणि युरोपीय पद्धतीचे तुकडेकाम अशा दोन वेगळ्या परंपरा या वस्तूत एकत्र येतात. शिलाई यंत्राशिवाय, सुई-दोरा व कागद यांच्या साहाय्याने ती घरी शिवता येते.

पारंपरिक गोधडीशी तुलना

गोधडीला महाराष्ट्राच्या काही भागांत वाकळ म्हणतात. ठिगळांच्या वस्त्रासाठी संस्कृतात ‘कन्था’ हा शब्द आहे. पारंपरिक गोधडीत जुनी लुगडी, धोतरे व चादरी एकावर एक अंथरतात, वर चौकोनी वा आयताकृती ठिगळे ठेवतात आणि सर्व थरांतून आरपार धावदोरा घालतात. ठिगळे जोडण्याचे आणि थर बांधण्याचे काम तेथे एकाच टाक्याने होते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया शिवतात ती कवंदीही याच कुळातील. ती कडेपासून सुरू करून आत मध्याकडे शिवत नेतात व तिच्या कोपऱ्यांवर ‘फुले’ म्हणून घडी घातलेले तुकडे लावतात.

षट्कोनी गोधडीत ही दोन्ही कामे वेगळी होतात. आधी केवळ तुकड्यांचे वरचे पृष्ठ तयार होते व नंतर ते थरांवर बसवले जाते. त्यामुळे वेळ बराच अधिक लागतो. मात्र तुकडे एकमेकांवर चढत नसल्याने पृष्ठ सपाट व हलके राहते.

इतिहास

कागदाच्या साच्यावर कापड दुमडून षट्कोन जोडण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ झाली. अमेरिकेत ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने १८३५ मध्ये षट्कोनी तुकडेकामाचा नमुना छापला, तर १९२० ते १९४० या काळात ‘आजीची फुलबाग’ अशा अर्थाच्या नावाने हीच रचना तेथील घरोघरी पोहोचली. हे काम केवळ स्त्रियांचे नव्हते. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सैनिकांनी गणवेशाच्या जाड लोकरी कापडाचे षट्कोन, चौकोन व शंकरपाळ्याच्या आकाराचे तुकडे जोडून पांघरुणे तयार केली. त्यांपैकी काही भारतात नेमणुकीवर असताना शिवलेली आहेत. टॉमस वुड यांनी १८५६ मध्ये काढलेल्या एका चित्रात क्रिमियन युद्धात जखमी झालेला शिपाई टॉमस वॉकर रुग्णालयातील खाटेवर बसून असे पांघरूण शिवताना दिसतो.

कामठी परिसर

नागपूर जिल्ह्यात कन्हान नदीकाठी वसलेल्या कामठी येथे ब्रिटिशांनी १८२१ मध्ये लष्करी छावणी उभारली. हे शहर हातमागाच्या विणकामासाठीही ओळखले जाते आणि भोवतालचा विदर्भ हा कापसाचा प्रदेश आहे. त्यामुळे धुऊन मऊ झालेले सुती कापड येथील घरांत दुर्मीळ नाही. शिंप्याकडील कातरणही या कामी येते. मे महिन्यात ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाणारे येथील तापमान हिवाळ्यात बरेच उतरते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूर येथे ३.५ अंशांची नोंद झाली. हिवाळ्यात पांघरायला आणि उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला एकच सुती गोधडी उपयोगी पडते, हा कापूस भरलेल्या रजईच्या तुलनेत तिचा मोठा फायदा आहे.

षट्कोनच का?

एकाच आकाराच्या नियमित तुकड्यांनी फट न ठेवता पृष्ठ झाकायचे असेल, तर त्रिकोण, चौकोन व षट्कोन हे तीनच आकार चालतात. षट्कोनाचा प्रत्येक कोन १२० अंशांचा असल्याने तीन तुकडे एका बिंदूत नेमके बसतात. समान क्षेत्रफळाच्या भागांनी पृष्ठ व्यापताना मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या या रचनेत कडांची एकूण लांबी सर्वांत कमी असते, हे टॉमस हेल्स यांनी १९९९ मध्ये गणिताने सिद्ध केले. शिवणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तेवढ्याच क्षेत्रफळाच्या चौकोनांपेक्षा जोडशिवण सुमारे ७ टक्के कमी लागते. अर्थात सरळ रेषेत शिवत जाण्याची चौकोनातील सोय येथे नसते, म्हणून ही बचत हाताला फारशी जाणवत नाही.

साहित्य व मोजमाप

पहिल्या प्रयत्नासाठी ५ सेंमी बाजूचा षट्कोन सोयीचा असतो. कंपासने ५ सेंमी त्रिज्येचे वर्तुळ काढून, तेच अंतर परिघावर सहा वेळा घेतले की सहा कोन मिळतात. हा साचा पुठ्ठ्यावर काढून त्यावरून कागद कापावेत. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद यासाठी पुरेसा ताठ असतो. अशा १० तुकड्यांच्या १० ओळी, म्हणजे १०० तुकडे जोडून कडा सरळ कापल्यास सुमारे ८२ × ७२ सेंमीची लहान गोधडी होते. मोठ्या माणसासाठी १५० × २१० सेंमी पृष्ठ हवे असेल, तर जवळजवळ ५०० तुकडे लागतात.

अचूकता कागदात हवी. एका ओळीतील प्रत्येक कागद १ मिलिमीटरने रुंद झाला, तर दहाव्या तुकड्यापर्यंत १ सेंमीचा फरक पडतो आणि पृष्ठाला झोळ येतो. कापड मात्र कागदाच्या चहूबाजूंनी पाऊण सेंमी अधिक ठेवून थोडे वाकडे कापले गेले तरी चालते.

घरातील जुनी साडी कापण्यापूर्वी ती उजेडासमोर धरून पाहावी. सतत घासला जाणारा भाग विरलेला असतो. कमरेजवळ आत खोचला जाणारा भाग बहुधा शाबूत राहतो. कापलेली साडी पुन्हा जोडता येत नाही, म्हणून आठवणीच्या वस्त्रातून आधी दोन-तीनच तुकडे काढून कापड टाके धरते की नाही ते तपासणे इष्ट. लाल व गडद निळे कापड ओले करून पांढऱ्या फडक्यावर दाबावे. रंग सुटत असल्यास ते वापरू नये. नवे कापड आटते, त्यामुळे तेही धुऊनच घ्यावे.

कृती

कागद कापडाच्या उलट बाजूवर ठेवून कडा त्यावर दुमडतात व कच्च्या टाक्यांनी बसवतात. असे दोन तुकडे सुलट बाजू समोरासमोर ठेवून एक कड जुळवतात आणि केवळ दुमडीचे दोन-तीन धागे उचलत बारीक तिरपे टाके घालतात. एका सेंटिमीटरला पाच ते सहा टाके पुरतात. सुई कागदात शिरू नये. प्रत्येक कोनाशी दोन-तीन टाके जागच्या जागी घ्यावेत, कारण शिवण उसवते ती तेथूनच. तिसरा तुकडा दोन तुकड्यांच्या खाचेत बसवताना कागदासह मधला तुकडा दुमडला, की कड सरळ हाती येते.

मध्ये एक, भोवती ६ आणि त्याभोवती १२ असे १९ तुकड्यांचे फूल करण्याची रीत लोकप्रिय आहे. नवशिक्यास सरळ ओळी सोप्या जातात. सहाही बाजू जोडल्या जाईपर्यंत तुकड्यातील कागद काढू नये. घाईने काढलेला कागद हे कडा न जुळण्याचे नेहमीचे कारण असते.

पृष्ठ पूर्ण झाल्यावर इस्त्री करून कागद काढतात. अस्तर उलट बाजू वर करून पसरावे, त्यावर जुन्या धोतराचा किंवा चादरीचा थर व सर्वांत वर षट्कोनी पृष्ठ अंथरावे आणि मध्यापासून कडांकडे कच्चे टाके घालावेत.

यापुढील टप्प्यात मते भिन्न आहेत. युरोपीय रीतीत प्रत्येक षट्कोनाच्या आतून कडेला समांतर टाके घालतात. ते दिसतात देखणे, परंतु तुकड्याचा मधला भाग मोकळा राहतो व जुने कापड नेमके तेथे विरते. त्यामुळे वापरलेल्या साड्यांच्या गोधडीसाठी एक-दीड बोटाच्या अंतराने सरळ ओळींत घातलेला, जोडांवरूनही जाणारा देशी धावदोरा अधिक टिकाऊ ठरतो. नाजूक जोडांवरील ताण त्यामुळे सर्व थरांत वाटला जातो. शेवटी कडा सरळ कापून चारही बाजूंना मगजी लावतात.

निगा व दुरुस्ती

पहिली धुलाई स्वतंत्र व थंड पाण्यात करावी. ओली गोधडी पिळल्यास जोड ताणले जातात, म्हणून ती दाबून पाणी काढावे व आडवी पसरून वाळवावी. एखादा तुकडा फाटल्यास गोधडी उसवावी लागत नाही. त्याच मापाचा नवा षट्कोन कागदावर दुमडून, दाबून, कागद काढून जुन्यावर ठेवतात व त्याच्या सहाही कडा तुरपून घेतात.